पीतबिंदूचा ऱ्हास : उतारवयातील दृष्टिहानी समजून घेताना

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी देणगी देणाऱ्या व्यक्तीस आपल्या दानाचे फळ लवकर दिसते. आज शस्त्रक्रिया होते, उद्या पट्टी सुटते आणि आजोबा नातवाचा चेहरा ओळखतात. आमच्या नेत्रविभागाचे बहुतांश काम याच स्वरूपाचे आहे आणि ते तसे असणे योग्यही आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले होते. परंतु मोतीबिंदू काढून, उत्तम भिंग बसवूनही काही वृद्धांना समोरचे स्पष्ट दिसत नाही. अशांपैकी अनेकांच्या बाबतीत दोष भिंगात नसून डोळ्याच्या पडद्यात असतो. पडद्याच्या अशा एका महत्त्वाच्या विकाराची माहिती देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे. आम्ही जमाखर्च व व्यवस्था पाहणारी माणसे आहोत. त्यामुळे यातील वैद्यकीय भाग नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेऊनच लिहिला आहे.

वाकडे दिसणारे धागे

शहराच्या पूर्व भागातील एक वृद्ध विणकर आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले होते. त्यांचे उभे आयुष्य चादरीच्या मागावर गेलेले. 'ताण्याचे धागे मधेच वाकडे दिसतात,' अशी त्यांची तक्रार होती. घरच्यांनी तो वयाचा परिणाम मानला होता आणि दोनदा चष्माही बदलून झाला होता. तपासणीच्या वेळी डावा डोळा झाकताच उजव्या डोळ्यासमोर मधोमध करडा डाग असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. डावा डोळा चांगला असल्याने उजव्याची हानी कित्येक महिने झाकली गेली होती.

पीतबिंदू म्हणजे काय?

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही आजारांची नावे आहेत. पीतबिंदू हे मात्र प्रत्येकाच्या डोळ्यात असणाऱ्या एका भागाचे नाव आहे. डोळ्याच्या आतील पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा हा पिवळसर भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व बारीक कामे त्याच्यावर अवलंबून असतात. पडद्याचा उरलेला भाग आजूबाजूचे दाखवतो.

वय वाढते तसे पडद्याखालच्या पेशींना तेथील टाकाऊ द्रव्ये पूर्णपणे वाहून नेणे जमेनासे होते. त्यांचे पिवळसर ठिपके साठू लागतात. पुढे दोन वाटा संभवतात. 'शुष्क' प्रकारात पीतबिंदूच्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू झिजतात. शंभरातील सुमारे ८५ ते ९० रुग्णांत हाच प्रकार असतो. 'आर्द्र' प्रकारात पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतच दृष्टी खालावू शकते. या प्रकाराचे रुग्ण संख्येने कमी असले, तरी उपचार न झाल्यास तीव्र दृष्टिहानी मुख्यत्वे यातच होते. शुष्क प्रकाराच्या रुग्णात पुढे आर्द्र प्रकार उद्भवू शकतो, म्हणून नियमित तपासणी आवश्यक असते.

या विकाराने सहसा पूर्ण अंधार होत नाही. कडेचे दिसत राहते, म्हणून रुग्ण घरात वावरू शकतो; पण वृत्तपत्र वाचू शकत नाही किंवा दारात उभा असलेला पाहुणा ओळखू शकत नाही. 'चालताना तर नीट चालतात, मग दिसत नाही कसे म्हणतात?' असा संशय घरातील मंडळी घेतात तो यामुळेच. हे सोंग नव्हे, हे कुटुंबीयांनी जाणून घ्यावे.

काही रुग्णांना नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसू लागतात. जिनिव्हाचे निसर्गाभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत याची नोंद केली होती. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रे रचतो. असे सांगणाऱ्या वृद्धांना देवऋषीकडे नेऊ नये आणि वेडही समजू नये. डॉक्टरांना मात्र अवश्य सांगावे.

धोका कोणाला?

पन्नाशीनंतर वयाबरोबर धोका वाढत जातो. रक्ताच्या नात्यात हा विकार असल्यास अधिक दक्षता हवी. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. विडी-सिगारेट मात्र आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका दोन ते चार पट असल्याचे मानले जाते. रक्तदाबावर नियंत्रण ठेवावे आणि ज्वारीच्या भाकरीसोबत पालक, मेथी यांसारखी पालेभाजी ताटात असावी.

बाजारात मिळणाऱ्या डोळ्यांच्या गोळ्यांविषयी वारंवार विचारणा होते. अमेरिकेत २००१ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनुसार विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण मध्यम अवस्थेतील रुग्णांत विकाराची वाढ मंदावते. गेलेली दृष्टी ते परत आणत नाही आणि निरोगी डोळ्यांना त्याची गरज नसते. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

घरच्या घरी तपासणी

जवळचा चष्मा लावावा. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने खिडकीचे गज, दाराची चौकट किंवा भिंतीवरील फरशांच्या रेषा पाहाव्यात. नंतर हीच कृती दुसऱ्या डोळ्याने करावी. सरळ रेषा वाकड्या वा तुटक दिसल्या किंवा मध्यभागी डाग दिसला, तर पुढील शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांच्या नावाने ओळखला जाणारा चौकटींचा तक्ता याच तत्त्वावर आधारलेला आहे. ही चाचणी डॉक्टरी तपासणीची जागा घेत नाही. ती वेळेवर दार ठोठावण्यापुरती आहे.

उपचार आणि त्यांची मर्यादा

आर्द्र प्रकारात नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध इंजेक्शनद्वारे डोळ्याच्या आत दिले जाते. बधिर करणारे थेंब घातल्यानंतर ही क्रिया काही मिनिटांत उरकते. मूळ आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये आलेले बेव्हॅसिझुमॅब पुढे डोळ्यांसाठीही वापरले जाऊ लागले. २००६ मध्ये खास डोळ्यांसाठीचे रॅनिबिझुमॅब आले आणि २०१५ पासून त्याची भारतीय बनावटीची आवृत्तीही उपलब्ध झाली. या औषधांच्या किमतींत मोठे अंतर आहे. कोणते योग्य, हे तज्ज्ञच ठरवतात. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दृष्टी घटली, तर तत्काळ रुग्णालयात यावे.

बहुधा सुरुवातीस दरमहा एक अशी तीन इंजेक्शने देतात. त्यानंतरचे अंतर पडद्याच्या स्कॅनवरून ठरते आणि उपचार अनेकदा वर्षानुवर्षे चालतो. काहींची दृष्टी सुधारते; अनेकांची आहे तेवढी टिकते. हे टिकणे हेच उपचाराचे यश असते आणि नेमके तेच कुटुंबीयांना पटवून देणे अवघड जाते.

आमचे विणकर आजोबा तीन इंजेक्शनांनंतर आले नाहीत. 'फारसा फरक पडेना, मग मुलाची मजुरी बुडवून कशाला यायचे?' असे त्यांनी नंतर सांगितले. काही महिन्यांनी ते परतले तेव्हा उजव्या डोळ्यात व्रण तयार झाला होता. तेथे औषधाचा उपयोग उरला नव्हता. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. मोतीबिंदूचा रुग्ण बरा होऊन गेला की आमची फाइल बंद होते. त्याच सवयीने ही फाइलही बंद झाली आणि 'आपण का आला नाहीत?' असे आमच्याकडून कोणी विचारले नाही. आता अशा रुग्णांची स्वतंत्र नोंदवही आहे. ठरल्या दिवशी रुग्ण न आल्यास घरी दूरध्वनी केला जातो. आजोबांच्या डाव्या डोळ्याची तपासणी नियमित होते आणि त्यासाठी सून त्यांना स्वतः घेऊन येते.

ज्यांची दृष्टी परतणार नाही, त्यांच्यासाठीही करण्यासारखे पुष्कळ आहे. भिंगे, भरपूर प्रकाश, मोठ्या अंकांचा दूरध्वनी आणि जिन्याच्या पायऱ्यांवर ठळक रंगाची पट्टी यांनी परावलंबन कमी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीचाही समावेश आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

देणगीदारांस व विश्वस्तांस निवेदन

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर मोतीबिंदूचा खर्च एकरकमी असतो आणि पीतबिंदूचा आवर्ती. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. परंतु तोच निधी प्रसूतीपासून हृदयविकारापर्यंत सर्वांना पुरवायचा असतो. पहिल्या इंजेक्शनसाठी पैसे मिळाले आणि चौथ्यासाठी मिळाले नाहीत, तर पहिल्या तिन्हींचा खर्चही बव्हंशी वाया जातो.

म्हणून आमची विनंती अशी की, देणगी देताना एका इंजेक्शनऐवजी एका रुग्णाच्या पूर्ण वर्षाच्या उपचाराचा विचार व्हावा आणि विश्वस्त मंडळाने त्यासाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा. या दानात पट्टी सुटण्याचा सोहळा नाही. वर्षाअखेरीस आम्ही आपणास इतकेच कळवू शकू की, रुग्णाची दृष्टी गेल्या वर्षी होती तेवढीच आहे. ती वार्ता आनंदाची आहे, हे आपण समजून घ्यावे आणि आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एक डोळा झाकून खिडकीचे गज पाहण्यास अवश्य सांगावे, ही नम्र विनंती.