भिगवणची छत्री आग्नेयेकडे का?

पुण्याच्या दूरदर्शनचा मनोरा 1973 पासून सिंहगडावर. भिगवण गावापासून तो सरळ रेषेत सुमारे 100 किमी, पश्चिमेला. एवढ्या लांबून ॲनालॉग सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी आवाज आणि पुसट चित्र टिकायचं. मला त्या तंत्राचं हेच फार आवडतं: ते हळूहळू हार मानायचं. डिजिटल तसं नाही. ठरावीक पातळीपर्यंत चित्र लख्ख, त्याखाली चौकटी फुटतात आणि पडदा कोरा.

केबलचं डिजिटायझेशन पुण्यात मार्च 2013 पर्यंत करायचं होतं, ग्रामीण भागाला मुदत 31 मार्च 2017. दूरदर्शननेही मोक्याची सुमारे 50 केंद्रं वगळून ॲनालॉग प्रक्षेपक 31 मार्च 2022 पर्यंत बंद करायचं ठरवलं.

आता दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेची छत्री लावायची. त्यासाठी उपग्रह जीसॅट-15, पूर्व रेखांश 93.5 अंशांवर. भिगवणहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास 60 अंश उंच दिसतो. छत्री मात्र तेवढी आकाशाकडे वळलेली वाटत नाही, कारण लहान छत्र्या ऑफसेट घडणीच्या असतात, म्हणजे त्या वळलेल्या दिसतात त्यापेक्षा वरच्या दिशेचा सिग्नल पकडतात. बसवताना डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. सेट-टॉप बॉक्समधला सिग्नल क्वालिटीचा आकडा बघत छत्री हलवा.