गोळीची झोप आणि घरातली बोलणी

पहाटे पाचला चाळीत पाणी येते. हंडे-कळश्यांचा आवाज, बायकांची घाई, कुणाच्या घरात डबा तर कुणाच्या घरात पोराची शाळा. दहा बाय बाराच्या खोलीत अशा वेळी एखादा माणूस झोपून राहिला तर सगळ्या घराला त्याला ओलांडून ये-जा करावी लागते. आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी बरेच दिवस हेच चालले होते. झोपून राहणारा आमचा पुतण्या. वय सव्वीस, अंगापिंडाने चांगला आणि नोकरीला लागलेला.

नोकरी म्हणजे सफाई खात्यातली. बंधूंनी तीस वर्षे रस्ते झाडले, मग गुडघे गेले आणि वारसाहक्काने मुलगा लागला. साडेसहाला चौकीवर हजेरी. ही नोकरी गेली तर घरात दुसरी मिळकत नाही, हे सांगायला नको. आणि पोराचे महिन्याकाठी आठ-दहा खाडे पडू लागले होते.

बंधू बोलायचे, "आम्ही तापातसुद्धा झाडू मारला. असा दहा वाजेस्तोवर कुणी झोपलं नाही आमच्या घरात." वहिनी आधी समजावायच्या, मग त्याही चिडायच्या. शेजारचे म्हणायचे, लग्न करून द्या, आळस जाईल. विहारातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर याला थीनमिद्ध म्हणतात, मन लावून बसत जा, असा उपदेश केला. त्यांचा हेतू चांगला होता. पण थीनमिद्ध हे मनाचे आवरण आहे आणि हा पोरगा रोज रात्री दहा मिलिग्रॅमची गोळी घेत होता. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही होते, म्हणून आज हा विषय घेतला.

त्याच्या आधीचे थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज येऊ लागले. लोक आपल्याविषयी बोलतात असे वाटू लागले. रात्र-रात्र जागा. सरकारी दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला आणि ओलान्झापिन व लोराझेपाम अशा दोन गोळ्या दिल्या. महिन्याभरात आवाज कमी झाले. पोरगा जेवू लागला, आंघोळ करू लागला. आणि झोपू लागला. पहिल्यांदा सगळ्यांना बरे वाटले. वहिनी म्हणायच्या, "भावजी, झोपतोय म्हणजे औषध लागू पडतंय."

इथेच पहिली चूक झाली, आणि ती आमचीही झाली, कारण आम्हीही मान डोलावली. झोप म्हणजे गुण नव्हे. आवाज आणि संशय कमी होतात ते मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनावर या औषधांचा परिणाम होतो म्हणून. गुंगी येते ती बऱ्याच अंशी दुसऱ्या वाटेने. मेंदूत हिस्टामिन नावाचे एक रसायन आहे, ते आपल्याला जागे ठेवते. सर्दी-खाजेवर ॲव्हिलसारखी जुनी गोळी घेतली की डोळे मिटतात, ते तिने हा हिस्टामिन अडवल्यामुळे. मनोविकारावरची काही औषधेही तोच अडवतात. यात नवल नाही, कारण त्यांचा उगमच त्या घराण्यातला. फ्रान्समध्ये ॲलर्जीवरच्या औषधांच्या शोधातून क्लोरप्रोमाझिन निघाले, लाबोरी या लष्करी शल्यवैद्याने ते शस्त्रक्रियेच्या रोग्यांना शांत ठेवण्यासाठी वापरले, आणि 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात दले आणि देनिकर या डॉक्टरांनी ते मनोरुग्णांना दिले. साखळदंडाने बांधलेली माणसे त्या औषधांमुळे घरी परतू लागली. तेव्हापासून गुंगी ही या औषधांच्या मागोमाग आलेली आहे.

सगळ्या गोळ्यांना सारखी गुंगी नसते, हेही आम्हांला उशिरा कळले. क्लोरप्रोमाझिन, क्लोझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन यांना जास्त. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांना त्या मानाने कमी, ॲरिपिप्राझोलला आणखी कमी. उदासीवरच्या औषधांत ॲमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन झोप आणतात, फ्लुओक्सेटिनने उलट काहींची झोप उडते. मग कमी गुंगीची गोळीच सगळ्यांना का देत नाहीत? कारण एकाला जी लागू पडते ती दुसऱ्याला पडत नाही, आणि कमी गुंगीच्या काहींनी अंग ताठरते किंवा जीव अस्वस्थ होतो. हा हिशेब डॉक्टरचा आहे, औषधाच्या दुकानदाराचा नाही आणि शेजारणीचा तर नाहीच.

पुतण्याने मात्र हिशेब स्वतःच केला. खाडे वाढले, मुकादमाने सगळ्यांसमोर अपमान केला, त्या दिवसापासून तो गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकू लागला. पंधरा दिवसांत पोरगा ताजातवाना! पाचला उठतो, हंडे भरतो, हसतो. वहिनींनी त्या रविवारी मटण केले. बंधूंनी आम्हांला सांगितले, "बोललो म्हणून सुधारला बघ." दोन महिन्यांनी तो ड्युटीवरून गायब झाला. तिसऱ्या दिवशी एका रेल्वे फलाटावर सापडला, पायांत चप्पल नव्हती, आणि आमच्याकडेही तो परक्यासारखा बघत होता. ते आवाज परत आले होते. गोळी बंद केल्यावर दुखणे दुसऱ्या दिवशी उलटत नाही, काही आठवडे, कधी काही महिने जातात, आणि म्हणूनच माणूस फसतो.

पुन्हा दवाखाना, पुन्हा त्याच दोन गोळ्या, पुन्हा ती झोप. एक दिवस आम्ही त्याच्याजवळ बसून विचारले, तुला नेमके काय होते रे? आजवर हे कुणी विचारलेच नव्हते. तो म्हणाला, "काका, डोकं चिखलात रुतल्यागत होतं. आईची हाक ऐकू येते. हात उचलावा म्हणतो, उचलत नाही. तुम्ही समदे मला आळशी म्हणता तेबी ऐकू येतं."

त्या दिवसापासून वहिनींनी पोराच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहायला सुरुवात केली. वहिनी सातवी शिकलेल्या. गोळी किती वाजता, डोळा लागला कधी, जाग कधी, दुपारी किती झोपला, जेवला किती, दुसरे काही औषध घेतले का. सोळा दिवसांची वही घेऊन आम्ही ओपीडीत गेलो. तिथे तासन्‌तास नंबर आणि डॉक्टरपुढे दोन मिनिटे, हे ज्यांनी भोगले त्यांना ठाऊक आहे. "झोप फार येते" म्हटले तर "येणारच" असे उत्तर मिळायचे. वही पुढे ठेवल्यावर मात्र त्या दिवशीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ती पहिल्यापासून वाचली.

त्यांनी तीन गोष्टी काढल्या. पहिली, लोराझेपाम. आजाराच्या पहिल्या दिवसांत तो बेभान होता म्हणून ती दिलेली, पुढे केसपेपरवर "तेच औषध" असे लिहिले जात राहिले आणि ती चालूच राहिली. दुसरी, सर्दीसाठी पोरगा दुकानातून स्वतःच गोळी आणून घेत होता, तीही झोपेचीच भर. तिसरी गोष्ट आम्हांला सगळ्यांत मोलाची वाटली. पोरगा गोळी रात्री अकराला घ्यायचा. का, तर घरातली मालिका संपून दिवा अकराला बंद होतो आणि तेव्हा अंथरुणे पडतात. ओलान्झापिन पोटात गेल्यावर रक्तात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त व्हायला सुमारे सहा तास लागतात. अकरा अधिक सहा म्हणजे पहाटेचे पाच! नेमके नळाला पाणी येते तेव्हा गोळी भरात, आणि तेव्हाच आम्ही सगळे त्याच्या नावाने ओरडत होतो.

गोळी संध्याकाळी साडेसातला घ्यायला सांगितली. लोराझेपाम एकदम न तोडता काही आठवड्यांत हळूहळू कमी करून बंद केली. ही जातच अशी आहे की एकाएकी सोडली तर झोप उडते, हातपाय कापतात, कुणाला फिटही येते. चौकीवर दाखवायला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि तीन महिन्यांसाठी दुपारची पाळी मिळाली. मुकादमाने कुरकुर केली, पण दिली. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मनोविकारही धरला आहे आणि नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, हे युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने सांगितले. 2018 च्या मे महिन्यात लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम रुग्णाला सांगितले गेलेच पाहिजेत असा हक्क दिला आहे. आम्हांला ते कुणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

गोळीची वेळ वाचून कुणी आपल्या मनाने वेळ बदलू नये. प्रत्येक औषधाची चाल निराळी. रात्रपाळीच्या वॉचमनला साडेसातची गोळी म्हणजे ड्युटीवरच झोप. त्याने आपली पाळी डॉक्टरला सांगितली पाहिजे. रिक्षा चालवणारे, परातीवर माल घेऊन बांधकामावर चढणारे, प्रेसवर वा लेथवर हात घालणारे यांनी तर नवी गोळी किंवा वाढवलेला डोस सुरू झाल्यावर अंदाज येईपर्यंत त्या कामाला हातच लावू नये. सुरुवातीचा एक-दोन आठवड्यांचा काळ सगळ्यांत जड असतो, पुढे पुष्कळांची गुंगी उतरते. सगळ्यांची नाही.

दारूचे निराळे काय सांगावे? पाचवे शील घरात टांगलेले असते आणि बाटली मागच्या गल्लीत. या गोळ्यांवर दारू पडली की दोन्ही गुंग्या एकमेकींत मिसळतात, आणि लोराझेपामसारख्या गोळीवर तर श्वास मंदावून जीवावर बेतते. बिडीचा प्रकार मात्र आम्हांला नवा होता. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर निकालात काढते. रोज बंडलभर ओढणाऱ्याने एकाएकी बिडी सोडली की तीच गोळी रक्तात जास्त साचते आणि माणूस पेंगू लागतो. हा परिणाम धुराचा, मिश्री-तंबाखूचा नव्हे. म्हणून बिडी ओढत राहा असे नाही. सोडा, पण डॉक्टरला सांगून सोडा.

झोपेचा सगळा दोष गोळीवर घालणेही बरोबर नाही. उदासीच्या दुखण्यातच काहींना झोप फार येते. स्किझोफ्रेनियात माणसाची उमेदच आटते, तो जागा असूनही पडून राहतो. लिथियम घेणाऱ्यांची थायरॉईड मंदावू शकते, तिनेही सुस्ती येते. वजन वाढून रात्री घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे सुरू झाले असेल तर दिवसा डोळे मिटणारच. बायकांत रक्त कमी असणे तर घरोघरी. गोळीनंतर झोप वाढते आणि ओसरते की दिवसभर एकसारखी राहते, हे वहीतून दिसते.

बायकांचा विषय निघालाच आहे. आमच्याच चाळीत एका लेकुरवाळ्या सुनेला उदासीवर रात्रीची गोळी आहे. चार घरची धुणीभांडी करून ती येते. सकाळी अर्धा तास उशिरा उठली तर सासू म्हणते, "महाराणी उठल्या का?" पुरुष झोपला तर आजारी, बाई झोपली तर कामचुकार! अशा घरात तान्हे मूल असेल तर गोळी घेतलेल्या आईच्या कुशीत ते रात्री निजवू नये. जवळच पण निराळ्या जागी निजवावे, आणि रात्री उठायला दुसरे कुणी असावे. सासूने एवढे केले तरी पुष्कळ. म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांवर रात्री संडासला उठताना तोल जाऊन खुबा मोडतो. सोबत जावे, दिवा ठेवावा.

आणि जी झोप साधी नव्हे ती ओळखावी. हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास मंद वा घरघरता, बोलणे जड, खूप ताप येऊन अंग लाकडासारखे ताठ, लिथियमवर असताना उलट्या, हात थरथरणे, झोकांड्या, किंवा गोळ्या जास्त गेल्याचा संशय असेल तर सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठावा आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. एरवी साध्या शंकेसाठी सरकारची 14416 ही टेलिमानस फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. फोन फुकट, रात्री-बेरात्रीही, आणि मराठीत बोलता येते.

पुतण्याचे म्हणाल तर तो पूर्ण मोकळा झालेला नाही. वजन नऊ किलो वाढले आहे, साखर तपासावी लागते, पुढच्या फेरीला डॉक्टरीणबाई डोस कमी करता येतो का ते बघणार आहेत. तीन महिने संपून तो पुन्हा सकाळच्या पाळीला लागला. मागच्या महिन्यात दोन खाडे पडले. साडेआठला त्याचे डोळे मिटू लागतात, तेव्हा बंधू टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रे बघतात आणि धाकटी पुतणी बाहेर गॅलरीत दिव्याखाली अभ्यासाला बसते. पहाटे वहिनी पहिला हंडा लावतात आणि एकच हाक मारतात. तो उठतो, भिंतीला टेकून जरा वेळ बसतो, मग दुसरा हंडा उचलतो. मधल्या त्या वेळात हल्ली कुणी काही बोलत नाही.