‘चावणे’ हे क्रियापद आणि फडताळातील औषधे

मराठीत डास चावतो, मुंगी चावते, मधमाशी चावते आणि विंचूही चावतो. ‘चावणे’ हे क्रियापद संस्कृत ‘चर्व्’ धातूपासून प्राकृतातून आलेले असून दातांनी चर्वण करणे हा त्याचा मूळ अर्थ होय. डासाला सोंड असते. विंचवाची नांगी तर शेपटाच्या टोकाला. ‘डास’ आणि ‘डसणे’ हे दोन्ही शब्द ‘दंश्’ धातूच्या कुळातील. तरी नित्याच्या बोलण्यात डास डसत नाही, चावतोच. ‘नांगी मारणे’ हा नेमका प्रयोग भाषेत आहे. पण मूल रडत आले की घरात विचारतात ते ‘काय चावले?’ एवढेच. क्रियापद एक झाले की उपायही एकाच फडताळातून निघतो: हळद, चुना, कांदा, लिंबू, लसूण.

चावण्यापूर्वीच्या उपायांबाबत हा घोटाळा फारसा होत नाही. लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्रॉल ही द्रव्ये डासांना खरोखरच दूर ठेवतात. मात्र ती उडून जाणारी आहेत. अंगाला लावलेल्या तेलाचा वास ओसरला की त्याचा प्रभावही ओसरतो. म्हणून हिवतापाच्या किंवा डेंग्यूच्या दिवसांत त्यांवर विसंबून मच्छरदाणी सोडणे योग्य नव्हे.

चावल्यानंतरचे उपाय तपासताना दंशाचे स्वरूप पाहावयास हवे. डासाची मादी रक्त शोषताना आपली लाळ त्वचेत सोडते आणि त्या लाळेवर शरीराची जी प्रतिक्रिया होते, तीच खाज. येथे थंड पाणी किंवा खाण्याचा सोडा कालवून केलेला लेप पुरेसा होतो. मधमाशीचा काटा त्वचेत अडकून राहतो. तो विनाविलंब काढणे हे कोणत्याही लेपापेक्षा महत्त्वाचे. तिचे विष आम्ल म्हणून त्यावर चुन्यासारखा क्षार लावावा, हा तर्क शाळेतील रसायनशास्त्राला धरून असला, तरी विष त्वचेखाली गेलेले असते आणि चुना वर राहून त्वचा पोळतो. ठेचलेला कच्चा लसूण बांधून ठेवल्यानेही भाजल्यासारखे फोड येतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास तेच घडू शकते.

विंचवाच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतते. कोकणातील लाल विंचवाचे विष दंशाच्या जागी थांबत नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसू लागतात आणि पुढे हृदय व फुप्फुसे यांवर ताण येतो. गंमत अशी की, भाषेला हे ठाऊक होते. विंचू ‘चढतो’ आणि तो ‘उतरवावा’ लागतो, असेच मराठी माणूस म्हणत आला. विष अंगात पसरते ही जाणीव त्या क्रियापदांत स्पष्ट आहे. तरीही लेप मात्र नांगी लागली तेथेच लावला जातो आणि त्यात जाणारा वेळ हीच खरी हानी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून ते परिणामकारक असल्याचे दाखविले. पुढे त्याला प्रतिविषाचीही जोड मिळाली. हे औषध जितके लवकर पोटात जाईल तितका गुण अधिक. तेव्हा ‘काय चावले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘विंचू’ असे आले, की फडताळ न उघडता दवाखाना गाठावयाचा असतो.