पोटमाळा, जिना आणि गच्ची : सदनिका-खरेदीतील मालकी व वाटेच्या हक्काचा प्रश्न
(विशेष संदर्भ : जुन्नर व आंबेगाव तालुके)

प्रास्ताविक

जुन्नरच्या जुन्या वाड्यांत माळा ही केवळ अडगळीची जागा नव्हती. वर्षाचे धान्य, बियाणे, लग्नकार्याची भांडी आणि दस्तऐवजांची पेटी माळ्यावरच असे. भावाभावांत वाटणी होताना खण मोजले जात. परंतु माळ्यावर चढणारा जिना ज्या खणात उतरे, तो खण ज्याच्या वाट्याला जाई, त्याच्या मर्जीवर दुसऱ्याचा माळा अवलंबून राही. वाटणीपत्रात माळ्याचा उल्लेख असला तरी जिन्याचा असेलच असे नाही. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा येथे आता तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. घराचे रूप बदलले तरी प्रश्न तोच आहे : जागा कोणाची, आणि तिथवर जाण्याची वाट कोणाची? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा, ते परस्परांपासून वेगळे आहेत हे ध्यानात घेऊन, विचार केला आहे.

माळ्याचे कायद्यातील स्थान

बांधकाम नियमावलीत माळा म्हणजे दोन मजल्यांमधील, केवळ साठवणुकीसाठी केलेली, कमाल दीड मीटर उंचीची जागा होय. ती राहण्याची खोली नव्हे. उंची वाढवून, जिना लावून, खिडकी काढून तीच जागा ‘वरची खोली’ म्हणून विकली गेली, तर तिला माळ्याची सवलत उरत नाही. मंजूर नकाशात ती तशी दाखविलेली नसल्यास खरेदीदार पैसे मोजून अनधिकृत बांधकाम विकत घेतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 मधील चटई क्षेत्राची व्याख्या वापरण्यायोग्य निव्वळ तळक्षेत्रापुरती आहे. त्यामुळे माळ्याचे चौरस फूट मिळवून सदनिकेचे क्षेत्र फुगविलेले आढळल्यास हिशेब तिथेच थांबवून नकाशा मागावा.

माळा सदनिकेच्या चार भिंतींच्या आत, स्वयंपाकघरावर किंवा न्हाणीघरावर असेल तर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो सीमेवरच्या माळ्यांचा. एक मोठी सदनिका विभागून दोन केल्या जातात आणि एकीच्या न्हाणीघरावरील माळ्याचे तोंड दुसरीच्या बोळात उघडते. जिन्याच्या माथ्यावरील पोकळीत फळ्या घालून केलेला माळा लगतचा रहिवासी वापरू लागतो. दुसऱ्या प्रकारात ती जागा मुळात कोणा एकाची नसतेच. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 नुसार पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर, बोळ आणि जिने ही सामाईक क्षेत्रे आहेत. मात्र काही ठरावीक सदनिकांपुरते ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ राखून ठेवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. त्यासाठी घोषणापत्रात तसा स्पष्ट उल्लेख लागतो. वहिवाटीचा नुसता दाखला पुरत नाही.

वाट : हक्क की परवानगी

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 हा जुना कायदा या प्रश्नाच्या मुळाशी आहे. मिळकतीची वाटणी किंवा विक्री झाल्यावर एका हिश्श्याचा उपभोग दुसऱ्या हिश्श्यातून गेल्याशिवाय घेताच येत नसेल, तर कलम 13 नुसार आवश्यकतेचा सुविधाधिकार मिळतो. येथे ‘आवश्यकता’ हा शब्द काटेकोर आहे. दुसरी वाट दूरची वा अवघड आहे एवढ्याने आवश्यकता सिद्ध होत नाही. आणि कलम 41 नुसार आवश्यकता संपली की हा हक्कही संपतो. उदाहरणार्थ, स्वतःच्या खोलीत छताला झडप पाडून माळ्यावर चढण्याची सोय झाली, तर शेजारच्या जिन्यावरचा दावा टिकणे कठीण. दुसरा मार्ग कलम 15 चा : वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून केलेला वापर.

‘हक्क म्हणून’ या शब्दांपाशी बहुतेक प्रकरणे अडतात. गावाकडे शेजारधर्म मोठा. ‘आमच्या जिन्याने जा की, आम्ही कुठे नाही म्हणतो?’ या वाक्याने वीस वर्षे निभावतात. पण कायद्याच्या दृष्टीने ती अनुज्ञप्ती, म्हणजे परवानगी ठरते. परवानगीने केलेला वापर कितीही लांबला तरी हक्कात परिपक्व होत नाही. शिवाय परवानगी देणाऱ्याने आपली मिळकत विकली, तर कलम 59 नुसार नवा खरेदीदार त्या परवानगीने बांधला जात नाही. घर विकून शेजारी पुण्यास गेला की नव्या मालकाने कुलूप लावावे आणि माळ्यावरील सामान वरच अडकावे, ही स्थिती त्या कलमात आधीच लिहिलेली आहे. चांगुलपणावर उभी असलेली वाट खरेदीखतात घालून घेण्याचा संकोच अनेकांना वाटतो. हा संकोच महाग पडतो.

गच्ची आणि विकासकाची विक्री

वरच्या मजल्याच्या ग्राहकास ‘गच्ची तुमचीच’ असे तोंडी सांगून दर वाढविण्याची रीत लहान गावांतही रुळली आहे. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, 1963 (मोफा) अन्वये विकासकाने करारात चटई क्षेत्र तसेच सामाईक व मर्यादित सामाईक सुविधांचे वर्णन द्यावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रा. लि. विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात 31 ऑगस्ट 2010 रोजी इमारतीखालील खांबांमधील वाहनतळ म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे आणि विकासक तो स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा निर्णय दिला. सदनिका नसलेला इमारतीचा भाग विकण्याचा अधिकार विकासकास नाही, हा त्यामागील विचार आहे. सामाईक गच्ची आणि जिन्यावरील माळा यांच्याकडेही त्याच दृष्टीने पाहावे लागते. 2016 च्या कायद्यानेही सामाईक क्षेत्रांत जिने, गच्च्या आणि सामाईक साठवणुकीच्या जागा यांचा समावेश केला आहे.

या दोन तालुक्यांपुरती एक अडचण अधिक आहे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची नाही. गावठाणातील घर पाडून उभी राहिलेली सहा सदनिकांची इमारत या सवलतीत सहज बसते. अशा इमारतीचा नकाशा ग्राहकास संकेतस्थळावर सापडत नाही; तो मागून घ्यावा लागतो.

कागद काय दाखवितात

ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक 8 चा उतारा कर-आकारणीसाठी असतो, मालकीसाठी नव्हे. नगर भूमापन झालेल्या भागातील मिळकत पत्रिका आणि 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाण नकाशे जमिनीवरची हद्द दाखवितात. एकावर एक असलेल्या मालक्या त्यांत दिसत नाहीत. माळा हा तर उभ्या छेदातला विषय. म्हणून करारास जोडलेला मंजूर नकाशा, आणि शक्य असल्यास उभा छेद, हाच खरा आधार ठरतो.

कराराच्या परिशिष्टात माळ्याची लांबी, रुंदी, उंची व तोंड कोणत्या दिशेस आहे, हे लिहावे. तेथे जाण्याची वाट दुसऱ्याच्या सदनिकेतून असल्यास तो सुविधाधिकार त्या मालकाच्या सहीने, नोंदणीकृत दस्ताने घ्यावा आणि तो उत्तराधिकारी व पुढील खरेदीदार यांवर बंधनकारक असल्याचे नमूद करावे. उलट, पाण्याच्या टाकीकडे जाणारी शिडी विकत घेतलेल्या माळ्यातूनच जात असेल, तर दुरुस्तीसाठी इतरांना कोणत्या वेळी, किती पूर्वसूचनेने प्रवेश मिळेल आणि गळतीचा खर्च कोण सोसेल, हेही त्याच परिशिष्टात येणे आवश्यक आहे.