कंप्रेसरचे फिटिंग तुटले? आधी हवा सोडा, मग पाना लावा

ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरायला, एअर फिल्टर साफ करायला अनेक शेतकरी घरी छोटा कंप्रेसर ठेवतात. पाईपला हिसका बसला की टाकीजवळचे पितळी निपल मोडते आणि त्याचा तुकडा टाकीच्या आट्यात अडकतो. ही दुरुस्ती घरी करता येते, पण क्रम चुकवू नका.

१. स्विच बंद करून पिन काढा. टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा. गेजचा काटा शून्यावर आला तरी काम संपेपर्यंत कॉक उघडाच ठेवा.

२. अडकलेल्या तुकड्यावर गंज सोडवणारे तेल टाकून थांबा. मग त्याच्या भोकात योग्य मापाचा इझी-आउट हलका ठोकून उलटा फिरवा. टाकीचे आटे जपा.

३. तुकडा सोबत घेऊनच दुकानात जा. पाव इंची बीएसपी व एनपीटी आटे सारखेच दिसतात. पण इंचाला बीएसपीचे १९, तर एनपीटीचे १८ आटे असतात. जबरदस्तीने बसवले तर गळती होते.

४. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे २-३ वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्या. आधी हाताने, मग पान्याने आवळा.

५. कॉक बंद करून थोडी हवा भरा आणि साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा सोडूनच पुन्हा आवळा.

सावधान : ठिबकचे उरलेले पीव्हीसी पाईप वा जोड हवेच्या लाईनला लावू नका. फुटल्यास धारदार तुकडे उडून डोळा जाऊ शकतो. टाकीला वेल्डिंगही करू नका.