सोडलेल्या माशाचा हिशोब

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौसेने मासे गरवणाऱ्यांनी २०१७ या एका वर्षात स्ट्राइप्ड बास जातीचे सुमारे ३ कोटी ८० लाख मासे पकडून परत पाण्यात सोडले. त्यांतले सुमारे ३४ लाख मासे नंतर मेले, असा तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. याच मंडळींनी त्या वर्षी घरी नेलेले मासे होते २९ लाखांच्या आसपास. म्हणजे ज्यांना जीवदान दिले असे समजून लोक समाधानाने घरी गेले, त्यांच्यातले मेलेले मासे ताटात आलेल्या माशांहून जास्त भरले. विक्रीसाठी मासेमारी करणाऱ्यांचा वाटा, त्यांनी टाकून दिलेले मासे धरूनही, एकूण मृत्यूंच्या दहाव्या हिश्श्याएवढाच होता. किनाऱ्यावरचा मासा घटू लागला की पहिले बोट ट्रॉलरकडे दाखवले जाते, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरही असते. या माशाच्या बाबतीत मात्र ते हौशी माणसाकडे वळवावे लागते. त्याच्या क्लबांनी माशाच्या रक्षणासाठी पुष्कळ काही केले आहे, पण त्या कामाची किंमत ठरते ती आपल्या हातून मेलेले मासे ते आपल्याच खात्यावर मांडतात की नाही यावर.

स्ट्राइप्ड बास हा अंगावर सात-आठ काळसर पट्टे असलेला, चंदेरी, तीस वर्षांपर्यंत जगू शकणारा मासा. राहतो समुद्रात, पण वसंतात अंडी घालायला नद्यांच्या गोड्या पाण्यात शिरतो. हडसन आणि डेलावेअर नद्यांतही त्याची पैदास होते, तरी साऱ्या किनाऱ्याची भिस्त आहे ती मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या चेसापीक उपसागरावर. मोठ्या मादीच्या गाभोळीत दहा लाखांहून अधिक अंडी असतात, पण मादी पुरती वयात यायला सहा ते आठ वर्षे लागतात, आणि सगळी मेख इथे आहे. हा मासा संपू शकतो ही जाणीव तिथे जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच कॉड आणि बास शेतात खत म्हणून घालायला मनाई केली होती. पुढे १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या धनिकांनी कटीहंक बेटावर बासच्या शिकारीसाठी क्लब काढला. खडकांवरून समुद्रात लाकडी फळ्यांचे पूल बांधले, कोणी कुठल्या पुलावर बसायचे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि मासा जवळ यावा म्हणून पाण्यात लॉबस्टरचे तुकडे फेकले. थाट मोठा होता, आणि मासा आहे तोवरच तो चालणार होता.

आधुनिक काळातली पडझड १९७०च्या दशकातली. १९७३ मध्ये विक्रीसाठी पकडलेला बास सुमारे दीड कोटी पौंड होता, १९८३ मध्ये तो ३५ लाख पौंडांवर आला. १९८४ मध्ये संघराज्याने खास या माशासाठी कायदा केला आणि १९८५ पासून पाच वर्षे मेरीलँडने बास पकडणे पूर्ण बंद केले. त्या वेळी किनाऱ्यावरच्या राज्यांनी मिळून जे केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. १९८२ साली जन्मलेली पिढी त्यातल्या त्यात बरी होती. त्या पिढीतल्या ९५ टक्के माद्यांना आयुष्यात एकदा तरी अंडी घालता यावीत, एवढेच उद्दिष्ट ठेवले, आणि ती पिढी जसजशी वाढत गेली तसतशी पकडण्यायोग्य माशाची किमान लांबीही वाढवत नेली. कायदा माशाच्या पुढे-पुढे चालत राहिला. १९९५ मध्ये मासा सावरल्याचे जाहीर झाले. त्या यशात क्लबांचा वाटा मोठा होता, कारण बंदी पाळणारे आणि बंदीसाठी आमदारांच्या मागे लागणारे बरेच जण हौशी मासेमारच होते. पुढची वीस वर्षे त्याच यशाच्या भरवशावर गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितले की मासा पुन्हा कमी झाला आहे आणि अजूनही प्रमाणाबाहेर मारला जातो आहे.

मारतो कोण, हे कळण्यासाठी गळाला लागलेल्या माशाचे काय होते ते बारकाईने पाहायला हवे. मासा ओढीला लागतो तेव्हा तो सगळी ताकद थोड्या वेळात खर्च करतो आणि त्याच्या स्नायूंत आम्ल साचते. दोरी हलकी आणि झुंज लांबलेली असेल तर काठाशी येईतो तो दमून आडवा पडलेला असतो. पाण्याबाहेर काढला की कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, श्वास थांबतो, आणि नेमक्या त्याच वेळी फोटो काढायचा असतो. कोरड्या हातांनी धरले तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच तर त्याचे रोगांपासून रक्षण करतो. वीस-पंचवीस पौंडांची मादी जबड्याला धरून उभी टांगली तर पाण्यात कधीच न पेललेले तिचे सगळे वजन त्या जबड्यावर येते. यात उन्हाळ्याची भर पडते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे दमलेल्या माशाला सावरायला जो वाढीव श्वास लागतो तो मिळत नाही. मासा शेपटी हलवत खोल पाण्यात जाताना दिसतो, माणूस खूश होतो, आणि मासा काही तासांनी किंवा दिवसांनी तळाशी मरतो. तो मृत्यू कोणाला दिसत नाही, म्हणून तो पकडणाऱ्याच्या हिशोबातही येत नाही.

शास्त्रज्ञ सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असे धरतात. हा आकडा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रयोगावर आधारलेला आहे. खाऱ्या पाण्याच्या बंदिस्त तळ्यात मासे गळाने पकडून सोडले आणि नंतर किती मेले ते मोजले. त्यातला मला जास्त बोलका वाटणारा भाग वेगळा आहे. परिस्थिती सर्वांत अनुकूल असेल तर मृत्यूचे प्रमाण ३ टक्के, सर्वांत प्रतिकूल असेल तर २६ टक्के. आणि हा फरक पडत होता तो गळ कुठे रुतला, तो कसला होता आणि पकडणाऱ्याचा हात किती सरावलेला होता यावरून. ९ हा आकडा सरासरीचा आहे. त्याच्या अलीकडे की पलीकडे राहायचे, हे बरेचसे पकडणाऱ्याच्या हातात असते. २०२१ पासून आमिष लावून बास धरणाऱ्यांना सगळ्या किनाऱ्यावर गोल वळणाचा गळ सक्तीचा झाला तो याचमुळे. याचे टोक आत वळलेले असते. माशाने आमिष गिळले तरी गळ पोटातून घसरत वर येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच, दोरी ताणली की झटका द्यायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या झटका द्यायला शिकलेल्या हातांना ही गोष्ट विसरायला लावणे कायद्याला जमत नाही. ते क्लबातल्या जुन्या माणसाने शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

क्लबांच्या स्पर्धांचे गणित याहून अवघड आहे. वजनावर बक्षीस दिले की सर्वांत मोठा मासा काट्यावर आणावा लागतो, आणि बासमध्ये मोठा मासा जवळजवळ नेहमी मादीच असते. म्हणजे ज्या माशाने पुढची पिढी सर्वांत जास्त दिली असती, नेमक्या त्याच्यावरच करंडक ठेवायचा. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरची मासेमारीची स्पर्धा १९४६ पासून भरते. तिच्या नावातच स्ट्राइप्ड बास आहे, तरी १९८०च्या दशकातल्या पडझडीत एकदा आणि २०२०मध्ये पुन्हा त्यांनी बासला स्पर्धेतून वगळले. इतरत्र अनेक ठिकाणी फळीवर ठेवून लांबी मोजायची, फोटो काढायचा आणि मासा सोडायचा, अशी पद्धत आली आहे. ती वजनकाट्यापेक्षा बरी, यात शंका नाही. पण गुण वाढवण्यासाठी भर उन्हाळ्यात दिवसभर मासे पकडून सोडत राहण्याला ती उत्तेजनही देते, आणि हे क्लबांनी कबूल करायला हवे. याउलट अमेरिकन लिटोरल सोसायटीचे काम. न्यू जर्सीतल्या सँडी हुकमधली ही संस्था १९६५ पासून हौशी मासेमारांना क्रमांकाच्या प्लास्टिकच्या खुणा देते. मासा सोडण्यापूर्वी खूण लावायची, तारीख, जागा आणि लांबी लिहून पाठवायची. पुढे तो कोणाला सापडला की त्याने कळवायचे. मासे कुठून कुठे जातात याचे पुष्कळ ज्ञान अशा नोंदींतून जमले आहे. छंदाच्या वेळेतून उभे राहिलेले असे काम सरकारी खात्याला पगार देऊनही करून घेणे कठीण.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की दोष माणसांचा नसून पाण्याचा आहे. त्यात तथ्य आहे. मेरीलँडचे मत्स्यखाते १९५४ पासून दर उन्हाळ्यात, आपल्या रापणीसारखे पण फक्त शंभर फुटांचे जाळे काठावरून ओढून, ठरलेल्या २२ जागी बासची बोटुकली मोजते. एका ओढीला सरासरी अकराच्या आसपास पिल्ले मिळावीत, असा इतक्या वर्षांचा अनुभव. २०२३ मध्ये ती सरासरी १ आली आणि २०२४ मध्ये २. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत ती एकदाही नेहमीच्या पातळीला पोहोचली नाही. हिवाळे उबदार, वसंतात नद्यांना पाणी कमी, अशा वर्षी अंड्यातून निघालेल्या पिल्लांना वेळेवर खाद्य मिळत नाही. त्याचा गळाशी काही संबंध नाही. पण यातून गळाला सूट मिळत नाही. उत्पन्न आटले की घर खर्च कमी करते. सात वर्षे पुरेशी पिल्ले आली नसतील तर आज पाण्यात असलेली प्रत्येक मोठी मादी अधिक मोलाची ठरते, आणि हवामान आपल्या हाती नसल्यामुळे जे हाती आहे ते आवरणे अधिकच भाग पडते. २०२२ मध्ये काय झाले ते पाहावे. २०१५ साली जन्मलेली चांगली पिढी तेव्हा पकडण्यायोग्य लांबीत आली आणि हौशी मासेमारांनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली. २०२३ मध्ये तातडीचा हुकूम काढून लांबीची वरची मर्यादा ३५ इंचांवरून ३१ इंचांवर आणावी लागली. १९८२च्या पिढीसाठी खालची मर्यादा वर नेली होती, इथे वरची खाली आणली, हेतू तोच.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. गिऱ्हाइकांना घेऊन समुद्रात जाणाऱ्या नौकांचे मालक, आमिष विकणारी दुकाने, बंदरावरच्या खानावळी हे सगळे या माशावर जगतात, आणि दोन आठवड्यांची बंदीही त्यांना झोंबते. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण ही माणसे माशाच्या मांसापेक्षा मासा लागेल या आशेवर जास्त जगतात, आणि १९८५ मध्ये मासाच नव्हता तेव्हा आशा विकायलाही काही उरले नव्हते. तिसरा युक्तिवाद क्लबांचा स्वतःचा: लोकांना गरवायला बंदी केली तर माशाची बाजू मांडणारे कोणी उरणार नाही. हे मला पटते, आणि म्हणूनच सरसकट बंदीपेक्षा मेरीलँडची वाट मला शहाणपणाची वाटते. तिथे भर उन्हाळ्यात काही काळ बासच्या मागे लागणेच बंद असते, मग तो सोडणार असाल तरीही. शिवाय उन्हाळ्यात हवामानाच्या अंदाजानुसार दिवसांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले जातात. तापमान ३५ अंश सेल्सिअसवर जाणार असेल तो दिवस लाल, आणि त्या दिवशी बास गरवू नये असे आवाहन असते. आवाहन पाळायचे की नाही हे माणसावर सोडलेले आहे, आणि क्लबाचा खरा वजनकाटा तोच आहे.

कोकणाला हा धडा जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याकडे पापलेट घटला तो जेटीवर गरी टाकून बसणाऱ्यांमुळे नव्हे, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले ते मुख्यतः जाळ्यांसाठी आहे. न्यू जर्सीत मात्र स्ट्राइप्ड बास विकायलाच मनाई आहे. तिथल्या पाण्यात या माशावर येणारा ताण जवळजवळ सगळा हौशी लोकांचा. त्याच राज्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांतले काही जण सुटीच्या दिवशी गळ घेऊन किनाऱ्यावर जातात. त्यांना विनंती एवढीच: आमिषाला गोल वळणाचाच गळ लावा, मासा पाण्यातच ठेवून सोडवा, पाणी तापलेले असेल त्या दिवशी जाऊ नका, आणि दिवसाची मर्यादा एका माशाची असली तरी सोडलेले मासेही मोजा. वीस सोडलेत तर त्यांतले दोन बहुधा मेले आहेत, असे धरून त्या दिवसापुरता गळ गुंडाळा.