तिकिटावर तगलेली जहागीर

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात वाड्या-किल्ल्यांची कमतरता नाही. शाँबोरचा अवाढव्य राजवाडा शेव्हर्नीच्या वाड्यापासून हाकेच्या नाही, पण मोटारीच्या अंतरावर आहे. तो राजाने बांधला आणि आज सरकारचा आहे. शेव्हर्नी मात्र अजून घर आहे. ह्युरो घराण्याचे वंशज, म्हणजे व्हिब्रे कुटुंब, तिथे राहतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिकीट लावून घर दाखवतं.

ह्युरो मंडळी तलवारीपेक्षा लेखणीने वर आली. राजाचा खजिना आणि कायदा सांभाळणारी ही माणसं. त्यांची ही जहागीर सोळाव्या शतकात एकदा हातची गेली आणि दुसऱ्या हेन्री राजाची लाडकी दियान द प्वातिए हिच्याकडे आली. फिलिप ह्युरोने ती तिच्याकडून पुन्हा विकत घेतली. हा फिलिप पुढे तिसऱ्या आणि चौथ्या हेन्रीचा चॅन्सेलर झाला.

आजची वास्तू त्याच्या मुलाची, आंरी ह्युरोची. तिच्यामागची कथा रक्ताने माखलेली आहे. पहिल्या पत्नीला परपुरुषाबरोबर पकडून आंरीने त्या तरुणाला ठार केलं आणि पत्नीला विष घ्यायला लावलं, असं सांगतात. दुसरी पत्नी मार्गरीत हिच्या देखरेखीखाली जुनं पाडून नवं उभं राहिलं. 1620 च्या दशकात काम सुरू झालं, वास्तुशिल्पी ब्ल्वाचा जाक बूजिए. बूरेच्या खाणीतला दगड वापरला, जो वर्षं सरतील तसा अधिक पांढरा आणि कठीण होतो. त्यामुळे चारशे वर्षांची ही इमारत परवाच चुना दिल्यासारखी दिसते. खंदक, बुरूज, तोफांच्या जागा काहीच नाही. दर्शनी भिंतीत रोमन सम्राटांचे अर्धपुतळे बसवलेत, शत्रूला भिववण्यापेक्षा पाहुण्याला दिपवण्यासाठी. आतली सजावट त्यांच्या मुलीने, मार्कीझ द मोंग्लाने पुरी केली. जेवणघरात जाँ मोनिएने रंगवलेली डॉन किहोतेच्या कथेची 34 चित्रं आहेत. सरदाराच्या पंगतीत पवनचक्क्यांशी लढणाऱ्या भ्रमिष्ट सरदाराची टवाळी! घराला विनोदबुद्धी होती म्हणायची.

पुढे मालकी फिरत राहिली. 1764 मध्ये द्युफोर नावाच्या दरबारी माणसाने शेव्हर्नी घेतलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतीत तो तुरुंगात गेला, पण घर वाचलं. 1820 च्या दशकात ह्युरो वंशातल्या मार्की द व्हिब्रेने ते परत विकत घेतलं. वाडवडिलांची वास्तू पैसे मोजून दुसऱ्यांदा सोडवली.

1922 मध्ये कुटुंबाने दारं लोकांसाठी उघडली. खासगी वाडा परक्यांना दाखवण्याची रीत तेव्हा फ्रान्समध्ये जवळपास नव्हतीच. कौलांचा, लाकडाचा, नोकरांचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा होता. शिकारीची परंपरा मात्र सोडलेली नाही. आवारात शंभरेक शिकारी कुत्रे आहेत, इंग्लिश फॉक्सहाऊंड आणि फ्रेंच प्वातव्हँ यांच्या संकरातले. जेवणाच्या वेळी मांसाचा ढीग समोर असतो, आणि रखवालदाराची खूण होईपर्यंत एकही कुत्रा पुढे येत नाही. प्रवासी हे पाहायला कठड्याशी दाटी करतात. शिकारीचं कौतुक मला नाही, पण ही शिस्त पाहण्यासारखी खरीच.

जगभरची मुलं हे घर वेगळ्याच नावाने ओळखतात. टिनटिन या चित्रकथेचा जनक एर्जे याने त्यातल्या कॅप्टन हॅडॉकच्या मुलँसार या वाड्यासाठी शेव्हर्नीचा नमुना घेतला आणि दोन्ही टोकांचे मोठे मनोरे छाटून टाकले. आता गंमत पाहा. चित्रकथेतही ती वास्तू हॅडॉकच्या पूर्वजाची, हातून गेलेली. प्रोफेसर कॅल्क्युलसला त्याच्या पाणबुडीच्या शोधाचे पैसे मिळतात, त्यातून ती परत घेतली जाते. व्हिब्रेंनी या चित्रकथेच्या शंभरेक वर्षं आधी तेच केलं होतं, फक्त त्यांच्या मदतीला शास्त्रज्ञ नव्हता.

2001 पासून शेव्हर्नीत टिनटिनचं कायमचं प्रदर्शन आहे. कित्येक पोरं चॅन्सेलर फिलिपचं नावही न ऐकता हॅडॉकचं घर पाहून परत जातात. घरच्यांचा त्याला आक्षेप असायचं कारण नाही. प्रदर्शनाचे पैसे वेगळे पडतात.